रिद्धपूरच्या पोथ्या आणि दूरदेशीचा विद्यार्थी

महाराष्ट्र शासनाने मराठी भाषेचे स्वतंत्र विद्यापीठ अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात, रिद्धपूर या गावी काढले, याचे कारण तेराव्या शतकाच्या इतिहासात आहे. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात या विद्यापीठाची घोषणा झाली, पुढे त्यासाठी कायदा झाला आणि २०२४ मध्ये महानुभाव वाङ्मयाचे अभ्यासक डॉ. अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीतील आद्य गद्यचरित्र मानला जाणारा ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ ज्या गावात सिद्ध झाला, ज्या गावाला महानुभाव पंथाचे अनुयायी आपली काशी मानतात, त्या गावाला भाषेच्या विद्यापीठाचा मान मिळावा हे रास्तच झाले. परंतु या घटनेला आणखी एक बाजू आहे आणि ती इतिहासाच्या अभ्यासकांना अधिक जवळची आहे: दूरदेशाहून इतिहास शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याला एका लहान आणि विशिष्ट मूल्यपरंपरेच्या भूमीत उभ्या असलेल्या विद्यापीठात असे काय मिळू शकते, जे त्याला लंडन किंवा शिकागो येथील भरलेल्या ग्रंथालयांत मिळणार नाही, आणि त्या मोबदल्यात त्याला काय द्यावे लागते.

मूल्याधिष्ठित विद्यापीठ म्हणजे ज्याच्या स्थापनेमागे पदव्या देण्यापलीकडे माणसाने कसे जगावे याविषयीची काही निश्चित धारणा असते असे विद्यापीठ. असहकाराच्या काळात १९२० साली निघालेले गुजरात विद्यापीठ, १९२१ साली पुण्यात निघालेले टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि त्याच वर्षीची रवींद्रनाथांची विश्वभारती ही त्याची आपल्याकडील ठळक उदाहरणे आहेत. विश्वभारतीत १९३७ साली चीना भवन सुरू झाले आणि तान युन-शान यांच्यासारखा चिनी विद्वान तिथे स्थायिक होऊन शिकवू लागला, तेव्हा लहान संस्थेत परदेशी माणूस पाहुणा न राहता घरचा होतो हे दिसून आले. अमेरिकेत ख्रिस्ती क्वेकर पंथाने, म्हणजे शांतता आणि समता ही तत्त्वे आचरणात आणू पाहणाऱ्या पंथाने, अशी अनेक छोटी महाविद्यालये चालवली. दलित चळवळीच्या इतिहासाच्या थोर अभ्यासक एलिनॉर झेलियट या आयोवा राज्यातील विल्यम पेन या क्वेकर महाविद्यालयातून १९४८ साली पदवीधर झाल्या होत्या आणि पुढे १९६९ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या चळवळीवर प्रबंध सादर केला. ज्या संस्थेत समतेचा विचार रोजच्या वागण्यात मुरलेला असतो तिथून आलेल्या विद्यार्थिनीने महाराष्ट्रात येऊन नेमका हाच विषय निवडावा, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

वऱ्हाडात मूल्यांची ही ओळख नवी नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम या आजच्या पाच जिल्ह्यांसाठी १९८३ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला खराटा हाती घेऊन गावे झाडणाऱ्या संत गाडगेबाबांचे नाव आहे, तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला डॉ. पंजाबराव देशमुखांचे. तरीही रिद्धपूरचे प्रकरण या दोहोंहून वेगळे आहे, कारण तिथे मूल्ये नावापुरती किंवा प्रेरणेपुरती राहत नाहीत. इतिहासाची साधने ज्या हस्तलिखितांत आहेत ती लिहिणारी, जपणारी आणि आजही रोज वाचणारी परंपरा त्याच भूमीवर नांदते आहे.

त्या परंपरेचा प्रारंभच एका परप्रांतीयापासून झाला, ही गोष्ट बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्याने आधी ध्यानात घ्यावी. पंथाच्या चरित्रपरंपरेप्रमाणे पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी हे मूळचे गुजरातेतील भडोचच्या प्रधानाचे पुत्र; रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते घराबाहेर पडले, वाटेत रिद्धपूरला त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांचे दर्शन झाले आणि तिथे त्यांना ज्ञानशक्तीचा लाभ झाला. पुढे त्यांनी आयुष्यभर जो उपदेश केला तो मराठीत केला. बाहेरून आलेल्या माणसाने इथल्या लोकांची बोली आपलीशी करून त्या बोलीतच तत्त्वज्ञान सांगितले आणि ते ऐकणाऱ्यांत ब्राह्मण पंडितांबरोबर स्त्रिया होत्या, खालच्या मानल्या गेलेल्या जातींची माणसेही होती. इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधरस्वामींनी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेच्या वाटेने, प्रयाण केल्यावर त्यांचे पट्टशिष्य नागदेवाचार्य, ज्यांना पंथात भटोबास म्हणतात, ते परिवारासह रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात येऊन राहिले आणि त्या वास्तव्यात पंथातले शिष्य म्हाइंभट्ट यांनी ‘लीळाचरित्रा’चे काम हाती घेतले.

हे काम म्हाइंभट्टांनी ज्या रीतीने केले तिच्याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने निवांतपणे पाहावे. लीळा म्हणजे चक्रधरस्वामींच्या आयुष्यातील एकेक प्रसंग: ते कुठे उतरले होते, समोर कोण होते, कोणी काय विचारले, त्यांनी काय उत्तर दिले, नंतर काय झाले. म्हाइंभट्टांनी हे प्रसंग एकट्याच्या आठवणीतून लिहिले नाहीत. जो ज्या प्रसंगी हजर होता त्याच्याकडे जाऊन त्याची आठवण त्यांनी मिळवली आणि ती नागदेवाचार्यांकडून पारखून घेतली. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार शोधायचा, त्याचे म्हणणे टिपायचे, जाणत्याकडून ते तपासून घ्यायचे आणि मगच ग्रंथात घालायचे, ही आजच्या मौखिक इतिहासाच्या अभ्यासकाची कामाची रीत आहे. मौखिक इतिहास म्हणजे कागदपत्रांऐवजी जिवंत माणसांच्या आठवणींवर उभारलेला इतिहास. इ. स. १२७८ च्या आसपास, म्हणजे ‘ज्ञानेश्वरी’च्या सुमारे बारा वर्षे आधी, वऱ्हाडातल्या एका गावात ही रीत एवढ्या काटेकोरपणे पाळली गेली, याचे महत्त्व मराठी वाचकांनाही अजून पुरते उमगलेले नाही.

त्यानंतर जे घडले ते अधिकच विलक्षण आहे. देवगिरीच्या यादवांचे राज्य मोडकळीस येऊन उत्तरेकडील फौजांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या, त्या धामधुमीत पंथाचे लोक पांगले आणि म्हाइंभट्टांची मूळ पोथी नाहीशी झाली. मग ज्यांना ती पाठ होती त्यांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली, आणि एकाच प्रसंगाचे वेगवेगळे पाठ तयार झाले. अशा वेळी एक पाठ खरा ठरवून बाकीचे टाकून देण्याचा मोह कोणत्याही धर्मसंप्रदायाला होतो. महानुभावांनी तो टाळला. हिराइसेचा पाठ असा आहे, रामेश्वरबासांचा तसा आहे, अमुक एका शोधात हे वाक्य नाही, अशा नोंदी त्यांनी लीळेच्या अंगातच लिहून ठेवल्या. हिराइसा ही स्त्री होती आणि तिच्या स्मरणाला इतरांच्या बरोबरीने प्रमाण मानले गेले, हे इथे मुद्दाम सांगितले पाहिजे. पाठभेद, म्हणजे एकाच मजकुराच्या निरनिराळ्या प्रतींतील फरक, प्रामाणिकपणे नोंदवणे हा आधुनिक पाठचिकित्सेचा पाया आहे. श्रद्धेने भारलेल्या लोकांनी, ज्या शब्दांना ते ईश्वराचे शब्द मानत होते त्या शब्दांविषयी, आपल्यातले मतभेद लपवले नाहीत. रिद्धपूरला येणाऱ्या विद्यार्थ्याला मूल्य आणि अभ्यासपद्धती यांचा सांधा इथे हाताला लागतो. तो पाठ्यपुस्तकातून सांगून समजत नाही, एका लीळेचे तीन पाठ समोर ठेवून बसल्यावर समजतो.

भाषेविषयीचा आग्रह हेही असेच एक मूल्य आहे आणि त्यामागे स्पष्ट सामाजिक विचार होता. पंथातले अनेक शिष्य संस्कृतात पारंगत होते. केशिराजबासांसारख्या विद्वानाने संस्कृतात रचना करायला घेतली तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले, कारण तसे झाले तर पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, अशी त्यांची धारणा होती. ही आठवण ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात नोंदलेली आहे. पंथातली शिष्या महदाइसा हिने म्हटलेले धवळे, म्हणजे विवाहप्रसंगी गायची गीते, रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या समोरच रचले गेले आणि म्हणूनच तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. ‘लीळाचरित्रा’त सर्वांत चिकित्सक प्रश्न विचारणाऱ्यांतही तीच पुढे दिसते. स्त्रियांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला तेराव्या शतकातल्या स्त्रियांचे स्वतःच्या आवाजातले प्रश्न इतक्या विपुलतेने दुसरीकडे क्वचितच सापडतील.

एवढे समृद्ध साधन असूनही विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याचा पत्ता नव्हता, आणि याचे मुख्य कारण लिपी हे होते. चौदाव्या शतकात पंथातल्या रवळोबासांनी सकळ लिपी नावाची सांकेतिक लिपी तयार केली. पुढे सुंदरी, अंकलिपी, वज्रलिपी अशा आणखी काही लिप्या निघाल्या. सांकेतिक लिपीत अक्षरांच्या जागी ठरावीक किल्लीप्रमाणे दुसरी अक्षरे किंवा चिन्हे लिहिली जातात, त्यामुळे पान नागरीसारखे दिसले तरी अनोळखी माणसाला त्यातून अर्थ लागत नाही. राजकीय अस्थिरतेच्या काळात शास्त्र सुरक्षित राहावे आणि ते अधिकारी माणसाच्याच हाती पडावे, असे दोन्ही हेतू त्यामागे असावेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्या संशोधकांच्या खटपटीने आणि काही उदार महंतांच्या साहाय्याने या लिप्यांची किल्ली बाहेर आली. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी १९२५ साली महानुभावीय मराठी वाङ्मयाचा परिचय करून देणारा ग्रंथ लिहिला, नागपूरहून ह. ना. नेने यांनी ‘लीळाचरित्रा’चे भाग संपादून छापले आणि बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल या खेड्यात १९०८ साली जन्मलेले वि. भि. कोलते यांनी उभे आयुष्य या वाङ्मयाला वाहून १९७८ मध्ये ‘लीळाचरित्रा’ची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. कोलते पंथाचे अनुयायी नव्हते, काही काळ अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापक होते आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू झाले; बाहेरच्या माणसाला आत शिरून केवढे काम करता येते याचे ते वऱ्हाडातलेच उदाहरण आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी अभ्यासकही या वाङ्मयाकडे वळले. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत मराठी शिकवणारे इयन रेसाइड यांनी १९६० मध्ये महानुभाव ग्रंथांची विस्तृत सूची प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या अ‍ॅन फेल्डहाउस यांनी चक्रधरस्वामींच्या वचनांचा संग्रह असलेल्या सूत्रपाठावरचे काम १९८३ मध्ये आणि गोविंदप्रभूंच्या चरित्राचा अनुवाद १९८४ मध्ये प्रसिद्ध केला, शं. गो. तुळपुळे यांच्याबरोबर ‘स्मृतिस्थळा’चा अनुवाद केला आणि त्या दोघांच्या सहकार्यातूनच जुन्या मराठीचा मोठा कोश १९९९ साली तयार झाला. ‘लीळाचरित्रा’च्या त्यांच्या इंग्रजी अनुवादाचा पहिला खंड मूर्ती अभिजात ग्रंथमालेत २०२४ मध्ये निघाला. क्रिस्तियन नोवेत्झके यांनी २०१६ च्या आपल्या ग्रंथात ‘लीळाचरित्र’ आणि ‘ज्ञानेश्वरी’ यांच्या आधारे तेराव्या शतकातल्या रोजच्या जगण्याचा आणि लोकभाषेच्या उदयाचा विचार मांडला. या कामाची साखळी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते: यातले टिकाऊ काम मराठी विद्वानाच्या शेजारी बसून, त्याच्याशी वाद घालत, त्याच्याकडून शब्दन्‌शब्द तपासून घेत झालेले आहे. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा कोश हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणता येईल. अशी शेजारी बसण्याची सोय एकाच ठिकाणी आणि कायमची व्हावी, हेच रिद्धपूरच्या विद्यापीठाकडून अपेक्षित आहे.

आता प्रत्यक्ष येणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार करू. भारतात शिकण्यासाठी विद्यार्थी व्हिसा आणि स्वतंत्र संशोधनासाठी संशोधन व्हिसा लागतो; १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते आणि तिचा अर्ज आता ऑनलाइन भरता येतो. आपल्या देशातील पदवी इथल्या पदवीच्या तोडीची आहे याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर जागांच्या २५ टक्क्यांपर्यंत अधिसंख्य, म्हणजे नेहमीच्या जागांव्यतिरिक्त वाढीव, जागा ठेवण्याची मुभा दिली आहे, त्यामुळे स्थानिक मुलांच्या जागा न घटवता त्यांना प्रवेश देता येतो. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्या आहेत. हे सगळे कागदोपत्री सोपस्कार वेळ खातात, पण त्यांत अवघड असे काही नाही.

अवघड आहे ती भाषेची तयारी. पुण्यात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचा मराठीचा वर्ग आहे आणि बरेचसे परदेशी विद्यार्थी तिथून सुरुवात करतात; पण तिथली मराठी घेऊन मोर्शीच्या बाजारात उतरलेल्या विद्यार्थ्याला ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ हे कानावर पडू लागले की नव्याने ऐकायला शिकावे लागते. जुन्या मराठीचे व्याकरण, नागरीचे जुने वळण आणि सकळ लिपीची किल्ली, या तिन्ही गोष्टी त्यानंतर येतात. घाई करणाऱ्याचे इथे काम नाही. निदान पहिले वर्ष फक्त वाचायला आणि ऐकायला द्यावे, असे या विषयाचे स्वरूप पाहता म्हणावेसे वाटते. वैशाख-ज्येष्ठात वऱ्हाडाचे तापमान ४५ अंशांच्या वर जाते, तेव्हा गावोगावच्या फिरतीची कामे कार्तिक ते माघ या काळात उरकून उन्हाळा पोथ्यांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे.

हस्तलिखितांविषयी कायदा स्पष्ट आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे ७५ वर्षांहून जुने, वैज्ञानिक, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचे हस्तलिखित हे पुरावशेष ठरते आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पण कायद्याहून पंथाचे रीतिरिवाज अधिक बारीक आहेत आणि तेच अधिक महत्त्वाचे आहेत. पंथात आम्नाय आहेत, म्हणजे गुरुशिष्यपरंपरेने चालत आलेली घराणी: कवीश्वर, उपाध्ये, पारमांडल्य इत्यादी. संन्यास घेतलेल्यांना भिक्षू आणि गृहस्थ अनुयायांना वासनिक म्हणतात. स्वामी जिथे बसले, उतरले, जेवले त्या जागेला स्थान म्हणतात आणि ती जागा ओटा बांधून जपलेली असते. पोथी मागायला गेलेल्या विद्यार्थ्याने ‘दंडवत प्रणाम’ म्हणून सुरुवात करावी, पोथी जमिनीवर ठेवू नये, छायाचित्र काढण्यापूर्वी विचारावे आणि नकार मिळाला तर तो मानावा. पुष्कळ पोथ्या कापडात गुंडाळलेल्या असतात. त्यांतल्या काही भिक्षूच्या झोळीत मावतील एवढ्या लहान असतात, कारण त्यांचे धनी एका जागी न राहता अटन करीत, म्हणजे गावोगाव फिरत. जो विद्यार्थी चार दिवसांत सगळे टिपून परत जायचे ठरवून येतो त्याला त्या गुंडाळीची गाठही सुटलेली दिसणार नाही. जो पारायणाला येऊन बसतो, महंतांचे निरूपण ऐकतो आणि आपले लिहिलेले त्यांना वाचून दाखवतो, त्याच्यापुढे हळूहळू पान उघडते.

इथेच या अभ्यासातला सर्वांत कठीण प्रश्न उभा राहतो. पंथाच्या दृष्टीने चक्रधरस्वामी परमेश्वराचे अवतार आहेत आणि त्यांचे उत्तरापंथे गमन म्हणजे देहाचा शेवट नव्हे. इतिहासकाराला मात्र काळ, स्थळ आणि मृत्यू यांविषयी प्रश्न विचारावेच लागतात, आणि काही अभ्यासकांनी स्वामींच्या शेवटाविषयी पंथाच्या श्रद्धेहून अगदी भिन्न मते मांडली आहेत. पोथी छापावी की नाही, ती अनधिकारी माणसाच्या हाती पडावी की नाही, यावरही पंथात दीर्घकाळ मतभेद राहिले. ज्या महंतांनी विश्वासाने पोथी दाखवली त्यांना दुखावणारे काही लिहायचे का, आणि दुखावू नये म्हणून जे दिसले ते लिहायचे नाही का, हा पेच मूल्याधिष्ठित संस्थेत शिकणाऱ्या प्रत्येक इतिहासविद्यार्थ्यापुढे येतो. भक्तीच्या भूमीवरच्या विद्यापीठात नकोशा प्रश्नांना जागा उरली नाही तर ते आश्रम होईल, विद्यापीठ राहणार नाही. पण त्यातून वाट काढण्यासाठी बाहेरचे शहाणपण आणण्याची गरज नाही, कारण वाट पंथाच्याच पोथीत आहे: हिराइसेचा पाठ असा, दुसऱ्याचा तसा. विद्यार्थ्याने पंथाची श्रद्धा पंथाच्या शब्दांत पूर्णपणे सांगावी, आपले अनुमान स्वतःच्या नावावर वेगळे मांडावे, दोहोंना आधार काय तो नोंदवावा आणि एकाच्या भरात दुसरे पुसू नये. शिवाय प्रबंधाचा सारांश तरी त्याने मराठीत लिहून इथे ठेवावा. ज्यांच्या आठवणींवर तो उभा आहे त्यांना तो वाचता न येणे हे नागदेवाचार्यांच्या गावात तरी शोभणारे नाही.

पोथीच्या पलीकडे पाहिले तर सगळे वऱ्हाडच या अभ्यासाचे क्षेत्र आहे. महानुभावांनी ‘स्थानपोथी’ नावाचा ग्रंथ लिहून ठेवला, त्यात स्वामींच्या वास्तव्याची स्थाने कोणत्या गावात, कोणत्या देवळाच्या कोणत्या दिशेला आहेत याची तपशीलवार माहिती आहे. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर आणि लोणार, अकोला जिल्ह्यातील पातूर तालुक्याचे आळेगाव, अशी ठिकाणे हाती पोथी धरून शोधत गेले की यादवकालीन देवळांचा, वाटांचा आणि वस्त्यांचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. गोविंदप्रभूंच्या चरित्रात त्यांचा रिद्धपुरातील घराघरांतला वावर आहे, गावाच्या कडेला राहणाऱ्या मातंगांना पाणी नव्हते तेव्हा त्यांच्या विहिरीसाठी ते धावून गेल्याची आठवण आहे. गावात पाणी कोणाला मिळत होते आणि कोणाला नाही, हे सांगणारी तेराव्या शतकातली साधने मोजकीच. राजांच्या ताम्रपटांत हा प्रश्न येत नाही. त्यापुढच्या काळाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र बरेच हिंडावे लागते. अचलपूरची इमादशाही १५७४ मध्ये बुडाली, नंतर मोगल, निजाम आणि भोसले यांचा अंमल या ना त्या रूपात राहिला, १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले आणि आल्फ्रेड लायल यांनी १८७० मध्ये त्याचे गॅझेटिअर काढले. राज्यकर्ते बदलत गेल्यामुळे या प्रांताचे दप्तर हैदराबाद, नागपूर, मुंबई आणि लंडन असे विखुरले आहे. म्हणूनच बुलढाण्याचे या. मा. काळे यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहून काढला तेव्हा त्यांनी किती दप्तरे आणि किती माणसे धुंडाळली असतील याचा अंदाज येतो.

वऱ्हाडातून उलट दिशेने गेलेला विद्यार्थीही इथे आठवला पाहिजे. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी शेतकऱ्याच्या घरी २७ डिसेंबर १८९८ रोजी जन्मलेले पंजाबराव देशमुख १९२० मध्ये इंग्लंडला गेले, एडिनबरोची एम. ए., ऑक्सफर्डची डी. फिल. आणि बॅरिस्टरी मिळवून परतले, आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावरचा त्यांचा ग्रंथ ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९३३ साली संस्कृतपंडित आर्थर बेरिडेल कीथ यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. ज्या समाजाला वेद ऐकण्याचाही अधिकार नाकारला गेला होता त्यातल्या तरुणाने वेदांतील धर्माचा इतिहास लिहिण्यासाठी परदेशी विद्यापीठ गाठावे, यातला अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही. ऑक्सफर्डमध्ये माक्स म्युलरांनी १८४९ ते १८७४ या काळात संपादून छापलेला ऋग्वेद होता आणि छापील ग्रंथ मागताना तिथे कोणी जात विचारत नव्हते. परत आल्यावर अमरावतीत त्यांनी बहुजन मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले, जिथे वेगवेगळ्या जातींची मुले एकत्र राहत, आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. परदेशात मिळालेली मोकळीक त्यांनी वऱ्हाडात संस्थेच्या रूपाने रुजवली. रिद्धपूरला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला पोथीपर्यंत पोहोचण्यासाठी ज्या ओळखी आणि जो विश्वास लागतो तो पंजाबरावांना लागला नव्हता, कारण त्यांचे साधन छापलेले होते. महानुभावांचे बरेचसे साधन अजून हाती लिहिलेले आहे.

त्यातला एक मोठा भाग तर महाराष्ट्राबाहेर आहे. महानुभाव पंथ मध्ययुगाच्या उत्तरार्धात पंजाबात पोहोचला, तिथे तो जयकृष्णी पंथ म्हणून ओळखला गेला आणि त्याचा प्रसार पेशावर-काबूलच्या बाजूपर्यंत झाला. तिकडच्या अनुयायांची मातृभाषा पंजाबी किंवा पश्तू असली तरी शास्त्र मराठीत होते, म्हणून तिथेही मराठी पोथ्या वाचल्या गेल्या, नकलल्या गेल्या आणि मराठी शिकण्यासाठी साधक दक्षिणेत येत राहिले. १९४७ च्या फाळणीनंतर सरहद्दीपलीकडचे अनुयायी पूर्व पंजाब, हरियाणा आणि दिल्ली या भागांत येऊन वसले. पंजाबी घरात जपलेली मराठी पोथी कोणी नकलली, कोणत्या आम्नायाची, तिच्यातला पाठ रिद्धपूरच्या कोणत्या पाठाशी जुळतो आणि नकलणाऱ्याच्या हातून मराठीत कुठे पंजाबी उच्चार शिरले, हे तपासायला पंजाबी आणि जुनी मराठी या दोन्ही भाषा जाणणारा माणूस हवा. कॅनडा किंवा इंग्लंडमध्ये वाढलेला पंजाबी कुटुंबातला एखादा विद्यार्थी या कामाला पुण्याच्या विद्यार्थ्यापेक्षाही योग्य ठरू शकतो. त्याला शिकायची राहील ती फक्त मराठी, आणि ती शिकवायला रिद्धपूर आहे.